खोक्यातली न वापरलेली जुनी आउटबोर्ड मोटर: घ्यावी का, आणि घेतली तर आधी काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. दारणेच्या जलाशयावर तुमची मच्छीमार संस्था आहे, सोळा फुटी फायबरची बोट आहे आणि आजवर सगळं वल्ह्यांवर चाललं. नाशिकच्या अंबडमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामात यामाहाची 15 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी) आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायची मोटर खोक्यातच पडून आहे. बिल 2006 चं. पाण्यात एकदाही उतरलेली नाही. मालकांचा मुलगा आजच्या नव्या मोटरीच्या पाऊण किमतीला द्यायला तयार आहे आणि म्हणतो, "नवीकोरी आहे, दोरी ओढा, लगेच चालू होईल." घ्यावी का?

मोटर घ्यायला हरकत नाही. पण पाऊण किंमत देऊ नका, आणि दोरी तर कुणालाही ओढू देऊ नका. मालकांच्या मुलाला नाही, संस्थेतल्या उत्साही पोरांना नाही, आणि एखादा मोटरसायकल मेकॅनिक सोबत नेलात तर त्यालाही नाही.

मी हे काम ससून डॉकला शिकलो आणि गेली बरीच वर्षं सातपूरला दुकान चालवतोय. गंगापूर, वैतरणा, मुकणे, गिरणा, जिथे जिथे बोट आहे तिथल्या मोटरी माझ्याकडे येतात. त्यात खोक्यातून निघालेल्या जुन्या मोटरी मी पंधरा-वीस तरी चालू करून दिल्या असतील. पूरबचावासाठी घेऊन ठेवलेल्या असतात, कुणी फार्महाउससाठी घेतलेली असते, कुठे रिसॉर्टचा बेत बारगळलेला असतो. बहुतेक चांगल्या चालल्या. ज्या बिघडल्या त्यातल्या जवळजवळ सगळ्या पहिल्या अर्ध्या तासात बिघडल्या, आणि त्या अर्ध्या तासातलं नुकसान टाळता येण्यासारखं होतं.

"वापरली नाही म्हणजे नवी" हा हिशोब धातूला लागू पडतो. पिस्टन, रिंगा, गिअर, क्रँक हे चालवल्याने झिजतात. चालवलंच नाही तर झीज शून्य. गंज लागला नसेल तर 2006 चा पिस्टन आजही नवाच. पण मोटरीत रबरही तेवढंच आहे: पाण्याच्या पंपाचा इंपेलर, ऑइल सील, ओ-रिंगा, पेट्रोलची नळी, फ्युएल पंपाचा पडदा, पंख्यातला (प्रोपेलरमधला) रबरी बुश. रबराचं वय वापरावर ठरत नाही, वर्षांवर ठरतं, आणि पत्र्याच्या गोदामात ते जास्तच वेगाने वाढतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर 40 अंश असतं तेव्हा पत्र्याखाली किती होत असेल याचा अंदाज तुम्हालाही आहे. ग्रीसचंही तसंच. वर्षानुवर्षांत त्यातलं तेल सुटतं आणि मागे मेणासारखा गोळा राहतो. म्हणून माझा नियम सरळ आहे: धातूचे पैसे द्यायचे, रबराचे शून्य धरायचे.

इंपेलरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त मोटरी त्याच्यामुळे जातात.

मोटरीचा जो पाय पाण्यात असतो, त्यात गिअरबॉक्सच्या वर पाण्याचा पंप बसवलेला असतो. आत रबराचं पाकळ्यांचं चक्र, तेच इंपेलर. हे चक्र ज्या वाटीत फिरतं तिच्या मधोमध नसतं, एका बाजूला सरकवून बसवलेलं असतं. त्यामुळे एका बाजूच्या पाकळ्या सरळ आणि दुसऱ्या बाजूच्या दाबून वाकलेल्या, अशी त्याची कायमची बैठक. फिरत असताना प्रत्येक पाकळी आळीपाळीने वाकते आणि सरळ होते, त्यातूनच इंजिन थंड ठेवणारं पाणी वर ढकललं जातं. आता ही मोटर कारखान्यातून निघाली तेव्हापासून त्याच दोन-तीन पाकळ्या वाकलेल्या अवस्थेत आहेत. बाहेर काढून हातात घ्याल तर त्या सरळ होत नाहीत, वाकलेल्याच राहतात. नखाने मुळाशी ताणून बघा, बारीक चिरा उघडतात.

असा इंपेलर लगेच फुटत नाही, धोका तोच आहे. गंगापूर धरणावर माझ्याच हातून हे झालंय. खोक्यातून काढलेली सात वर्षं जुनी मोटर होती. ड्रममध्ये चालू केली, मागून पाण्याची धार झकास आली, दहा मिनिटं चालवली, सगळं ठीक. मी निर्धास्त झालो. बोट पाण्यात घातली, मध्यावर गेलो, गती वाढवली आणि वीसेक मिनिटांत मोटरीचा आवाज बदलला, जड झाला. मागे वळून पाहिलं तर धारेची नुसती थेंबथेंब. बंद करेपर्यंत वरच्या सिलिंडरचा पिस्टन चिकटला होता. उघडल्यावर इंपेलरच्या दोन पाकळ्या मुळापासून गायब. त्यांचे तुकडे पाण्याच्या नळीतून वर जाऊन हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) अरुंद वाटेत अडकले होते. ती मोटर मालकांना दाखवताना जी लाज वाटली, तिच्यामुळे तेव्हापासून खोक्यातल्या मोटरीत नवा इंपेलर टाकल्याशिवाय मी दोरीला हात लावलेला नाही.

त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. एक, मागून येणारी धार म्हणजे हेडला पाणी मिळतंय याची हमी नव्हे. बऱ्याच मोटरींत ती धार हेडपर्यंत जाण्याआधीच फुटून बाहेर येते. त्यामुळे धार बघायचीच, पण हेडवर पाण्याचा थेंबही टाकायचा. चर्र करून उडाला तर तत्क्षणी बंद. दुसरी, इंपेलर फुटला असेल तर नवा टाकून भागत नाही. मी जुने तुकडे फडक्यावर मांडतो आणि पाकळ्या पुऱ्या जुळतात का ते बघतो. एक नखाएवढा तुकडा कमी भरला तरी तो वर कुठेतरी बसलेला आहे असं समजून पाण्याची वाट उघडावी लागते.

त्याच वाटेत आपल्याकडचा आणखी एक त्रास म्हणजे कुंभारीण माशी. धार बाहेर पडण्याचं जे बारीक भोक असतं ते या माशीला घर बांधायला अगदी मापाचं. मातीने लिंपून पक्कं बंद करते. खोकं फाटलेलं असेल तर हे भोक आणि पाणी आत घेण्याच्या जाळ्या तारेने मोकळ्या करून घ्या. वरचं झाकण काढल्यावर उंदराचं घरटंही सापडू शकतं. कापूस-चिंध्या काढल्या म्हणजे काम झालं असं नाही, वायरींचं कव्हर कुरतडलंय का ते इंचाइंचाने बघायचं.

आता गोदामात काय करायचं ते.

आधी पाटी. बोटीला मोटर अडकवायचा जो कंस असतो त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबरची पाटी असते. तिचा स्पष्ट फोटो घ्या आणि बिलावरचा नंबर ताडून पाहा. मॉडेलच्या शेवटी एस किंवा एल असं अक्षर असेल, त्याकडे नीट लक्ष द्या. एस म्हणजे आखूड पाय, 15 इंची फळीसाठी. एल म्हणजे लांब, 20 इंची फळीसाठी. तुमच्या बोटीच्या मागच्या फळीची उंची, जिथे मोटर अडकणार तिथून थेट खाली तळापर्यंत, टेपने मोजून जा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. आखूड मोटर उंच फळीवर लावली तर पंखा हवा गिळतो आणि नुसती फडफड होते. लांब मोटर बुटक्या फळीवर लावली तर पाय खोल जातो, पाणी ओढत राहतो, आणि उन्हाळ्यात दारणेचं पाणी खाली गेल्यावर पहिला दगड त्यालाच लागतो. मोटर कितीही चांगली असली तरी माप चुकलं तर सोडून द्या.

मग ती खरंच न वापरलेली आहे का ते पाहा. कंसाचे दोन स्क्रू जिथे फळीला चावतात त्या गोल चकत्यांवरचा रंग शाबूत हवा. पायाच्या सगळ्यात खालच्या पात्यावर ओरखडा नको. पंख्याच्या नटवर पाना फिरल्याची खूण नको. पंख्याच्या मध्यातून धूर बाहेर पडतो, तिथे बोट घालून बघा. थोडा काळा तेलकटपणा चालेल, मोटरी कारखान्यातच चालवून तपासलेल्या असतात, तेव्हा त्याचा बाऊ करू नका. पण वाळलेल्या पाण्याचे पांढरे चट्टे असतील तर "पाण्यात उतरलीच नाही" हे खरं नाही.

सगळ्यात मोलाची तपासणी प्लग काढल्यावर होते. दोन्ही प्लग काढा आणि टॉर्च मारून भोकातून सिलिंडरची भिंत बघा. करड्या रंगाची, तेलाचा हात फिरवल्यासारखी दिसली पाहिजे. तांबूस डाग दिसले तर किती आणि कुठे ते महत्त्वाचं. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळाला तर फार उत्तम. नाशिकच्या कोरड्या हवेचा इथे फायदा होतो. हीच मोटर अलिबाग-मालवणला इतकी वर्षं पडून असती तर मी तुम्हाला जाऊही दिलं नसतं. पण पावसाळ्याचे चार महिने आपलीही हवा ओली असते, आणि खोकं जमिनीवर थेट ठेवलं असेल तर फरशीची ओल वर चढते.

दोरी का ओढायची नाही, ते इथेच कळेल. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्याने दिलेला तेलाचा थर इतक्या वर्षांत खाली ओघळून गेलेला असतो. रिंगा जिथे थांबल्यात तिथे बारीक गंजाची रेघ धरलेली असू शकते. हिसका मारून दोरी ओढली की ती रेघ रिंगांबरोबर वर-खाली घासते आणि सिलिंडरच्या नव्याकोऱ्या भिंतीला एका झटक्यात उभे ओरखडे पडतात. त्याऐवजी प्रत्येक प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याने दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. मालक तयार नसतील तर निदान एक तास.

मग दोरीची चकती तीन बोल्ट काढून बाजूला घ्या आणि फ्लायव्हील (तिच्याखालचं जड चाक) दोन्ही हातांनी, वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हळूहळू फिरवा. उलटं फिरवू नका, नाहीतर आधीच कडक झालेल्या इंपेलरच्या पाकळ्या उलट्या दुमडतील. फिरवताना डोळे मिटले तरी चालेल, सगळं काम हातांचं आहे. चांगली मोटर एकसारखी, मऊ फिरते. पिस्टन वर येताना थोडा भार, मग सुटका, पुन्हा भार. रेव चावल्यासारखी कर्र लागली, किंवा एका ठरावीक जागी दरवेळी खट्ट अडकलं, तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज आहे. तो प्लगच्या भोकातून दिसत नाही, हातालाच कळतो. बेअरिंग बदलायचं म्हणजे मोटर पूर्ण खोलायची. तिथे सौदा थांबवा. किंमत आणखी उतरली तरीही.

फिरणं मऊ असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. प्लग दोन्ही बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, जी काढली की इंजिन चालू होत नाही ती लाल दोरी काढून ठेवा. आता चकती परत बसवून दोरी चार-पाच वेळा ओढायला माझी परवानगी आहे, कारण भिंतीला तेल मिळालंय आणि इंपेलर तसाही बदलायचाच आहे. तेल घातल्यामुळे आकडा थोडा जास्त येईल, म्हणून आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक बघा. एकाला 100 पाउंड दाब आणि दुसऱ्याला 95 आलं तर उत्तम. एकाला 110 आणि दुसऱ्याला 75 आलं तर एका सिलिंडरच्या रिंगा धरल्यात. तेलात भिजवून कधी कधी सुटतात, पण ते गृहीत धरून पैसे देऊ नका.

पायातलं गिअर ऑइल खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि मग ही मोटर खोक्यातली नव्हे. गडद पण स्वच्छ असेल तर ठीक. तेल तरी बदलायचंच. पायाचे सील टिकून आहेत का हे माझ्या दुकानात हवेच्या दाबावर कळतं: 10 पाउंड हवा भरून पाय पाण्याच्या टपात बुडवायचा आणि बुडबुडे बघायचे. माझा अनुभव असा की इतक्या वर्षांनी पंख्याच्या शाफ्टचा सील बहुतेक वेळा गेलेला असतो, उभ्या शाफ्टचा कधी कधी टिकतो. मी दोन्ही बदलतो.

क्रँकचे वरचे-खालचे सील मात्र मी आधीच उघडत नाही. ते कडक झाले असतील तर मोटर तिथून हवा ओढते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि हलक्या गतीवर आवाज आपोआप चढत-उतरत राहतो. हे लक्षण दिसलं तर चालवू नका, सील बदला. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तेलही कमी आणि उष्णताही जास्त. पिस्टन जायला तेवढं पुरतं. लक्षण नसेल तर उगाच खोलू नका, पण त्या खर्चाची रक्कम मनात बाजूला ठेवा.

किमतीचं मग असं होतं. इंपेलरचा पूर्ण संच, पायाचे सील, कार्बोरेटरचा संच, फ्युएल पंपाचा पडदा, नळी आणि हाताने दाबून पेट्रोल चढवायचा फुगा, प्लग, गिअर ऑइल, थर्मोस्टॅट आणि त्याची गास्केट, दोरी. वर मजुरी. क्रँक सीलसाठी राखीव. आणि कंपनीची वॉरंटी नाही, म्हणजे पुढची सगळी जबाबदारी तुमच्या संस्थेच्या गल्ल्यावर. हे सगळं वजा केल्यावर मी स्वतः आजच्या नव्या मोटरीच्या निम्म्याहून जास्त देणार नाही, आणि सिलिंडरमध्ये डाग दिसले तर त्याहून बरंच कमी. सौदा करण्याआधी एक काम जरूर करा: पाटीवरचा मॉडेल नंबर देऊन वरचे सगळे पार्ट मुंबईच्या डीलरकडे उपलब्ध आहेत का ते विचारा. यामाहाच्या या वर्गातल्या टू-स्ट्रोक मोटरी जगभर मच्छीमारांकडे चालतात, त्यामुळे पार्ट मिळतात. हीच मोटर जॉन्सन किंवा इव्हिनरूड असती तर मी आधी सावध केलं असतं. त्या बनवणारी मूळ कंपनी 2000 साली दिवाळखोरीत गेली, पुढच्या मालकांनी 2020 मध्ये इव्हिनरूडचं उत्पादनच थांबवलं. मोटरी उत्तम होत्या, पण आपल्या भागात एका सीलसाठी महिनाभर वाट बघत बसायचं मच्छीमाराला परवडत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणी जुनी न वापरलेली फोर-स्ट्रोक, त्यातही इंजेक्शनवाली दाखवली तर तिच्या वाटेला जाऊ नका. इंजेक्टर चिकटलेले, आतला पेट्रोल पंप जाम, टायमिंग बेल्ट म्हातारा. दुरुस्तीचा खर्च धरला की नवी बरी वाटते. खोक्यातली जुनी घ्यायचीच तर साधी, कार्बोरेटरची टू-स्ट्रोक. तुमच्याकडची नेमकी तशीच आहे, दोन सिलिंडर आणि एकच कार्बोरेटर.

आता पेट्रोल. 2006 ची मोटर आणि आजचं पेट्रोल यांची गाठ घालताना बहुतेक जण इथेच फसतात. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉलमुळे ऊसवाल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आउटबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत साधारण 10 टक्क्यांची मर्यादा देतात. जुन्या नळ्या, पडदे, ओ-रिंगा यांना इथेनॉल फुगवतं किंवा मऊ करतं. तुम्ही जुनी नळी बदलली नाहीत तर दोन-तीन महिन्यांत तिचा आतला थर सुटून फुग्याच्या झडपेत अडकेल आणि धरणाच्या मध्यावर मोटर आचके देत थांबेल. म्हणून नळी, फुगा, पडदा आणि कार्बोरेटरची सगळी रबरं आजच्या इंधनाला चालतील अशीच घ्या. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धा रिकामा कॅन पावसाळ्यात धरणाच्या काठावर आठवडाभर राहिला की त्यात पुरेसं पाणी जमतं, आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतं. मोटर पेट्रोल ओढते तळातूनच, आणि त्या थरात वंगणाचं तेल नसल्यात जमा असतं. त्यामुळे दोन-तीन दिवसांना पुरेल एवढंच पेट्रोल आणा, कॅन भरलेला आणि बंद ठेवा, टाकी आणि मोटर यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. त्याच्या खालच्या पारदर्शक वाटीत पाणी साठलेलं डोळ्यांना दिसतं. संध्याकाळी काम संपल्यावर नळी काढून मोटर हलक्या गतीवर चालू ठेवा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपली आपण बंद होऊ द्या. एकच कार्बोरेटर असल्याने हे चालतं. जास्त कार्बोरेटरच्या मोठ्या मोटरीत मात्र प्रत्येक वाटीचा स्क्रू उघडून पेट्रोल काढावं, कारण तिथे एक सिलिंडर आधी कोरडा पडतो.

इथेनॉल जास्त असलं की मिश्रण थोडं पातळ होतं हेही खरं. या मोटरीचा मुख्य जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकायचा की नाही, ते मी प्लगचा रंग बघून ठरवतो. दोन-तीन तास चालवल्यावर प्लगचं टोक चहासारखं तपकिरी हवं. पांढरट आलं तर जेट बदला.

तेलाच्या बाबतीत तडजोड नको. टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं पाण्यावरच्या मोटरीचंच टू-स्ट्रोक ऑइल घ्या. मोटरसायकलचं तेल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्याची राख या थंड इंजिनात प्लगवर आणि रिंगांवर बसते. पहिले 10 तास दुप्पट तेल: 10 लिटर पेट्रोलला 400 मिली. त्यानंतर 200 मिली. एका संस्थेत वेगवेगळी माणसं कॅन भरतात, म्हणून कॅनवरच रंगाने खूण करा आणि मिश्रण एकाच माणसाने करायचं ठरवून टाका. दारणेवर माझ्या ओळखीत एक मोटर दोघांनी "तेल दुसऱ्याने घातलं असेल" असं समजल्यामुळे गेली.

पहिल्यांदा चालू करणं धरणावर नको, दुकानात 200 लिटरच्या ड्रममध्ये. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. कोरडी एक क्षणही नाही, कोरड्यात नवा इंपेलरही काही सेकंदांत जळतो. पहिली दहा मिनिटं अगदी हलक्या गतीवर, मग बोटीवर लावून पहिल्या तासाभरात निम्म्या थ्रॉटलपर्यंत, दुसऱ्या तासात पाऊण. पुढचे आठ तास पूर्ण थ्रॉटल अधूनमधून दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त नको. या काळात जाळ्यांचं पूर्ण ओझं लादू नका. 10 तासांनी गिअर ऑइल पुन्हा बदला, त्यात बारीक चमकी दिसेल, पहिल्या वेळी ती चालते.

पंख्याबद्दल एक स्थानिक गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहोत, हवा विरळ, त्यामुळे मोटरीचं बळ सहा-सात टक्के कमी भरतं. त्यात पाच माणसं आणि ओली जाळी. पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला 4500 ते 5500 फेऱ्यांत जायला हवी. प्लगच्या वायरीला लावायचा छोटा मीटर मिळतो, त्याने मोजा. 4500 च्या खाली अडकत असेल तर कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा) पंखा टाका, नाहीतर मोटर कायम कुथत राहील आणि लवकर जाईल. पायावरची झिज-पट्टी (स्वतः झिजून पाय गंजण्यापासून वाचवणारी) जस्ताची असेल तर तीही बदला. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. ॲल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियमची लावा.

पैसे देण्याआधी कागदांचंही बघा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते, राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करा. जलाशयावर मोटर चालवायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. दारणेचं पाणी पुढे नाशिकरोडला पिण्यासाठी उचललं जातं आणि त्याखाली नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. जुनी टू-स्ट्रोक बऱ्यापैकी पेट्रोल न जळताच पाण्यात सोडते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. परवानगीत टू-स्ट्रोक चालणार नाही असं निघालं तर ही मोटर फुकट मिळाली तरी उपयोगाची नाही, म्हणून हा शोध सौद्याच्या आधी.

गोदामात जाताना पिशवीत हे टाका: 21 चा प्लगपाना, 10 चा पाना, मोठा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, कॉम्प्रेशन गेज, पाव लिटर टू-स्ट्रोक ऑइल, चमचा, टेप, जुनं पांढरं फडकं. गेज नसेल तर माझं घेऊन जा. आणि फ्लायव्हील फिरवताना हाताला काय लागलं ते तिथूनच फोन करून सांगा, पैसे द्यायच्या आधी.